गाडीचं तोंड पार आत गेलंय – दुरुस्त करू की आहे तशी विकू? (मदत हवी आहे)

गिरकी

नमस्कार. आधीच सांगते, कुणालाही काही लागलेलं नाही. "जीव वाचला ना, मग झालं" हे वाक्य घरच्यांकडून पुरेसं ऐकून झालंय. आता प्रश्न फक्त गाडीचा आहे.

नऊ दिवसांपूर्वी ओल्या रस्त्यावर वळणावर गाडी घसरली आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याने दुभाजकावर जाऊन आदळली. चूक माझीच, वेग जास्त होता. पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी, ८४ हजार किलोमीटर झालेली. बोनेट दुमडलंय, डावा दिवा आणि फेंडर गेले, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर फुटले, पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. डावं चाक मागे सरकलंय, फिरवलं की आतल्या प्लास्टिकला घासतं. डावा पुढचा दरवाजा उघडतो, पण बंद करताना उचलून ढकलावा लागतो.

विम्याचं विचाराल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग मी मागच्या वर्षीच काढून टाकला होता. "जुनी गाडी, कशाला उगाच हप्ता" असं तेव्हा वाटलं होतं. आता फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा आहे आणि समोरचा म्हणजे दुभाजक. थोडक्यात, सगळा खर्च माझ्या खिशातून.

आकडे शंभराच्या हिशोबात देते. अपघाताआधी अशा गाडीला बाजारात १०० मिळत होते असं धरा. गॅरेजने नुसती बाहेरून बघून ४६ सांगितले. पुढचा भाग खोलल्यावर तोच आकडा ६१ झाला. "चेसिसला थोडा मार आहे, खेचून सरळ करू" असंही म्हणाले. अपघातग्रस्त गाड्या घेणाऱ्या एकाने आहे त्या अवस्थेत २२ देऊ केलेत. त्यात गेल्याच महिन्यात चारही टायर नवीन टाकलेत, त्याचं वेगळंच दुःख.

६१ खर्चून १०० ची गाडी परत मिळत असेल तर दुरुस्ती बरी, असं साधं गणित मला दिसतंय. भाऊ म्हणतो विकून टाक. काय करू?

निवांत

विका. एअरबॅग उघडलेली गाडी मी तरी ठेवणार नाही.

टॉर्क

गिरकीताई, तुमच्या सगळ्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दरवाजाची ओळ, आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात.

बोनेट, फेंडर, दिवा, रेडिएटर हे सगळं बोल्टवर बसवलेलं असतं. ते बदलणं म्हणजे पैशाचं काम, डोकेदुखीचं नाही. पण दरवाजा जिथे बिजागरीवर टांगलेला असतो तो खांब गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. अपघाताआधी दरवाजा नीट लागत होता आणि आता उचलावा लागतोय, याचा अर्थ धक्का पुढच्या भागात पूर्ण जिरला नाही, तो मागे खांबापर्यंत पोचला असण्याची दाट शक्यता आहे. चाक मागे सरकलंय ते नुसता सस्पेन्शनचा आर्म वाकल्यामुळेही असू शकतं. पण दोन्ही खुणा एकत्र आल्या की मी सावध होतो.

आता "चेसिस खेचून सरळ करू" याबद्दल. हॅचबॅकला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. आख्खा पत्र्याचा सांगाडाच भार घेतो. पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना ज्या लांब बीम असतात त्यांना गॅरेजमध्ये सरसकट चेसिस म्हणतात. त्या मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की धडकेत घडी पडावी आणि जोर तिथेच संपावा. एकदा घडी पडलेली बीम ओढून लांब करता येते, दिसायलाही सरळ दिसते. पण पुढच्या धडकेत ती ठरल्याप्रमाणे दुमडेल याची खात्री उरत नाही. त्यात खांब आणि काही बीम अतिशय मजबूत पोलादाच्या असतात. त्या गॅसने तापवून ठोकल्या की पोलादाचा गुणच जातो. असा भाग सरळ करायचा नसतो, निर्मात्याने सांगितलेल्या जागी कापून नवा जोडायचा असतो.

त्यामुळे आत्ता दुरुस्ती की विक्री हे ठरवूच नका. आधी माप घेऊन घ्या. ज्या गॅरेजमध्ये सांगाडा मापायचा बेंच आहे तिथे गाडी टो करून न्या आणि छापील रिपोर्ट मागा. कारखान्याच्या मापाशी साधारण तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मेकॅनिकने डोळ्यांनी बघून "थोडा मार" म्हणणं हे माप नव्हे.

आणि हो, धडकेनंतर गाडी चालवली होती का?

गिरकी

बाप रे. दरवाजाचं मला खरंच क्षुल्लक वाटलं होतं, गॅरेजवाल्यानेही "बिजागरी सेट करू" एवढंच म्हटलं. गाडी बाजूला घेण्यापुरती सुरू केली होती, जेमतेम एक-दोन मिनिटं. खाली हिरवं पाणी वाहत होतं.

टॉर्क

एक-दोन मिनिटांनी बहुतेक काही होत नाही. पण दुरुस्ती करायचीच झाली तर कूलंट भरून दाबाची चाचणी आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. कूलंटशिवाय तापलं असेल तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, वाकतं, आणि ते बिल नेमकं शेवटी, बाकी सगळे पैसे देऊन झाल्यावर येतं. आता मात्र पुन्हा सुरू करू नका, बॅटरीची वायर काढून ठेवा.

आकडेमोड

तांत्रिक बाजू टॉर्क यांनी सांगितलीच आहे. मी हिशोबाबद्दल बोलतो, कारण "६१ खर्चून १०० ची गाडी" हे गणित चुकलंय. दुरुस्त झालेली गाडी १०० ची राहत नाही. एअरबॅग उघडल्या होत्या, पुढचा भाग बदललाय हे घेणाऱ्याला कळणारच. लपवलंत तर ती फसवणूक, आणि रंगाची जाडी मापणारं यंत्र दोन मिनिटांत चुगली करतं. समजा ७८ येतील. म्हणजे दुरुस्त करून लगेच विकलीत तर हातात ७८ वजा ६१, फक्त १७. आहे तशी विकलीत तर २२. म्हणून "दुरुस्त करून मग विकू" हा तिसरा पर्याय मनात असेल तर काढून टाका. तो दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे, वर दीड-दोन महिन्यांची पायपीट.

पण तुम्हाला गाडी ठेवायचीच असेल तर चित्र पालटतं. तशीच दुसरी गाडी घ्यायला १०० लागतील, त्यातले २२ जुनीचे आले, म्हणजे खिशातून ७८. दुरुस्तीला ६१. इथे दुरुस्ती १७ ने स्वस्त. शिवाय जुनी गाडी घेताना नावावर करायचा खर्च, पहिलं सर्व्हिसिंग हे धरलं तर अंतर अजून वाढतं. आणि आपल्या गाडीचा सात वर्षांचा इतिहास आपल्याला माहीत असतो. दुसऱ्याच्या गाडीचं काय सांगावं, तीही कुणाचा तरी दुभाजक पचवून आलेली असेल.

म्हणून प्रश्न असा विचारा: ही गाडी मी अजून चार-पाच वर्षं वापरणार आहे का? हो असेल तर पुनर्विक्रीची घट फारशी बोचत नाही. नाही असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

टायरचं दुःख या हिशोबात आणू नका. ते पैसे दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. विकायचं ठरलं तर मात्र नवीन टायरची जोडी वेगळी विकता येते का बघा. आधीचे जुने टायर पडून असतील तर ते चढवून द्या, गाडी टो करायला चाकं तर लागतातच.

स्पॅनर१३

६१ मध्ये एअरबॅगचं काय काय धरलंय ते नीट वाचा. नुसत्या दोन बॅगा बसवून काम होत नाही. धडकेत सीटबेल्ट खेचून धरणारी यंत्रणाही एकदाच उडते, ते बेल्ट बदलावे लागतात. कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद अडकून बसते, बऱ्याच गाड्यांत तेही नवीन घ्यावं लागतं. पुढचे सेन्सर, स्टीअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी आणि प्रवाशाच्या बाजूचा डॅशबोर्ड फाटला असेल तर तोही.

इथेच लबाडी होते. बॅगेच्या जागी एक रेझिस्टर (बॅग आहे असं भासवणारा विजेचा छोटा भाग) टाकला की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा इशारा देणारा दिवा विझतो, आणि वर नवं झाकण लावलं की आत काय आहे हे कुणाला दिसणार? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवाच काढलाय. पण असा रेझिस्टर टाकलेल्या गाडीत दिवा अगदी व्यवस्थित वागतो, म्हणून नव्या भागांची बिलं आणि काढलेले जुने भाग, दोन्ही मागून घ्या. वापरलेली एअरबॅग स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. दार, दिवा, फेंडर वापरलेले बसवा, मीही बसवलेत, पण जीव वाचवणारी वस्तू नाही.

निवांत

म्हणजे मी एका ओळीत सांगितलं तेच.

स्पॅनर१३

नाही हो. एअरबॅग उघडलेली गाडी नीट दुरुस्त होऊ शकते, फक्त स्वस्तात होत नाही.

अर्धाकप

धागा थोडा वळवतोय. माझ्या मित्राची अशीच केस आहे, पण त्याचा पूर्ण विमा आहे. कंपनी टोटल लॉस म्हणतेय आणि तो दुरुस्तीवर अडून बसलाय. कोण बरोबर?

आकडेमोड

दुरुस्तीचा खर्च ठरावीक टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. तो टक्का पॉलिसीत किंवा तिथल्या नियमांत असतो, तेवढा वाचायला सांगा. भावनेने भांडण्यापेक्षा त्यांनी गाडीची किंमत किती धरलीय यावर भांडावं, तशाच गाड्यांच्या चालू जाहिराती पुढे ठेवून. कर्ज शिल्लक असेल तर पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात, हेही लक्षात असू द्या.

गिरकी

बारा दिवसांनी परत आले. उशीर झाला, कारण बेंच असलेलं गॅरेज शोधून तिथे नंबर लागायलाच आठवडा गेला. दरम्यान आधीच्या गॅरेजने जागेचं रोजचं भाडं लावलं, ज्याबद्दल पहिल्या दिवशी चकार शब्द काढला नव्हता. कुणी अशा प्रसंगात असाल तर गाडी आत सोडतानाच हे विचारा.

रिपोर्ट हातात आहे. डावी बीम मागच्या बाजूला १४ मिलिमीटर आणि वर ६ मिलिमीटर सरकलीय. दरवाजाचा खांब ५ मिलिमीटरने हललाय. टॉर्क, तुमचा अंदाज बरोबर निघाला. हे लोक म्हणाले, बीमचा पुढचा भाग आणि खांबाचा खालचा भाग कापून नवा जोडावा लागेल, नुसतं ओढून ते देणार नाहीत. त्यांनी एअरबॅगचे सगळे भाग धरून आकडा दिला ७४. विशेष म्हणजे पहिल्या गॅरेजच्या ६१ मध्ये बेल्ट आणि कंट्रोल युनिट नव्हतंच, कागद परत बघितल्यावर कळलं.

दुसरीकडे मी मापाचा रिपोर्ट, खोललेल्या भागांचे फोटो, सर्व्हिसिंगची जुनी बिलं असं सगळं एकत्र करून आणखी तीन जणांना पाठवलं. एकाने २७ सांगितले. त्याला इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये रस आहे, सांगाड्याशी देणंघेणं नाही. म्हणजे आता दुरुस्ती ७४, आणि विकून तशीच दुसरी घेतली तर १०० वजा २७, म्हणजे ७३.

आकडे जवळपास सारखेच झाले, त्यामुळे रात्री बराच वेळ पंख्याकडे बघत पडले होते. या गाडीने मला सात वर्षांत एकदाही रस्त्यात सोडलं नाही. पण मी स्वतःला विचारलं की खांब कापून जोडलेल्या गाडीत मुलीला पुढच्या डाव्या सीटवर बसवेन का. उत्तर देताना अडखळले, तिथेच ठरलं. विकतेय.

एक शेवटचं विचारायचंय. तो म्हणतोय की गाडी भागांसाठीच जाणार आहे, कागद नंतर बघू, पैसे आजच रोख देतो. यात काही धोका?

आकडेमोड

मोठा धोका. कागदावर गाडी तुमचीच राहिली आणि तिचे भाग, नंबर प्लेट किंवा चेसिस नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर फिरले, तर विचारणा तुमच्या दारात येईल. नाव बदल करा, किंवा भंगारात जाणार असेल तर नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या. विक्रीच्या पत्रावर तारीख, वेळ आणि "अपघातग्रस्त, आहे त्या स्थितीत" हे शब्द हवेत. "कागद नंतर" म्हणणाऱ्याला गाडीही नंतर.

टॉर्क

आणि आतले सगळे कप्पे रिकामे करा. फोन गाडीच्या सिस्टीमला जोडलेला असेल तर बॅटरी लावून ती यादी पुसून टाका, लोक हे हमखास विसरतात. दुसरी गाडी बघायला जाल तेव्हा रंगाची जाडी मापणारं यंत्र बरोबर न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एखाद्याच दरवाजावर ३०० च्या वर आकडा आला तर तो पुन्हा रंगवलाय, आणि ८००-१००० दिसला तर रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलीय.

गिरकी

कागद आधी, असं त्याला कळवलंय. तो उद्या नोंदणीचे फॉर्म घेऊन येतोय. टायरचं विचारलं तर म्हणाला जुने चढवून द्या, आकडा २७ चा २५ होईल. नवे चार टायर दोनाहून नक्की जास्तीला जातील ना?

स्पॅनर१३

एका महिन्याचे? डोळे झाकून काढून घ्या.