शब्दचर्चा : ‘स्पेस ऑपेरा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

जुन्या अमेरिकी विज्ञानकथांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ‘स्पेस ऑपेरा’साठी मी ‘अवकाश संगीतिका’ लिहिलं, तर संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. ‘पल्प मासिक’पाशीही गाडी अडली आहे. ‘लगदा मासिक’ लिहायला हात धजत नाही. जाणकारांनी कृपया सुचवावं.

प्रतिसाद

ताई, रेघ योग्य जागी पडली आहे. या ऑपेराचा गाण्याशी काही संबंध नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी रेडिओवर कौटुंबिक मालिका लागत. त्यांचे प्रायोजक साबणवाले, म्हणून नाव पडलं ‘सोप ऑपेरा’. काऊबॉयच्या सिनेमांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्याच चालीवर १९४१ साली विल्सन टकर यांनी आपल्या हौशी पत्रिकेत ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द वापरला. टकर स्वतः विज्ञानकथा लिहीत आणि पोटासाठी सिनेमाचा प्रोजेक्टर चालवत. यानांच्या त्याच त्याच शिळ्या, रटाळ गोष्टींना त्यांनी ही शिवी दिली होती. आपल्याकडे त्या अर्थाला नेमका शब्द आहे : चऱ्हाट. ‘अंतराळाचं चऱ्हाट’ म्हटलं की १९४१ची चव जशीच्या तशी येते.

पण शब्द तिथे थांबला नाही. पुढच्या तीसेक वर्षांत वाचकांनी ती शिवी हळूहळू पुसून काढली. १९७५मध्ये विज्ञानकथालेखिका ली ब्रॅकेट यांनी जुन्या कथांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना या प्रकाराची उघड बाजू घेतली. ही आपल्या काळाची लोककथा आहे, वीरकथा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७७नंतर ‘स्टार वॉर्स’ सिनेमाने तर हा शब्द घरोघरी नेला. म्हणजे तुम्हाला असा मराठी शब्द हवा, ज्यात जुनी हेटाळणीही ऐकू येईल आणि नंतरचं प्रेमही.

मला तो शब्द ‘आख्यान’ वाटतो. कीर्तनात उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, आणि घरी कुणी पाल्हाळ लावलं की आपण म्हणतो, “काय हे आख्यान लावलंयस!” एकाच शब्दात मान आहे आणि वैतागही आहे. ‘अवकाशाख्यान’ असा संधी केला तर जिभेलाही सोपा जातो.

दुसरा प्रतिसाद

‘आख्यान’ फार पौराणिक वाटतं. त्यापेक्षा ‘अवकाश महागाथा’ का नको? आणि ‘अंतराळ’ सोडून ‘अवकाश’ का?

प्रतिसाद

आधी दुसरा मुद्दा. ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’ या वाक्यात अवकाश म्हणजे वेळ. जागा आणि वेळ एकाच शब्दात मावतात, आणि या कथांना दोन्ही अफाट लागतात. ‘अंतराळ’ही चुकीचा नाही, अंतराळवीर तर रुळलाच आहे. पण ‘अंतराळाख्यान’ म्हणून बघा, जीभ अडखळते. ‘गाथा’ म्हटलं की माझ्यासमोर तुकोबांचे अभंग येतात, गोष्ट येत नाही. आणि ‘महागाथा’ हा शब्द जाहिरातींनी इतका वापरलाय की त्यात आता जीव उरलेला नाही.

पौराणिक वाटतं हे खरंच, आणि मला ते हवंच आहे. कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण असतं. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा वाचताना मला त्या निरूपणाची आठवण येते : एक वैज्ञानिक कल्पना घ्यायची आणि ती गोष्टीतून नीट उलगडून दाखवायची. त्यांची ‘कृष्णविवर’ १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने गेली होती आणि तिथूनच मराठीत या वाटेला बळ आलं. स्पेस ऑपेरा हा उत्तररंग. तिथे श्रोता पुढे सरकून बसतो.

अमेरिकी लेखक ई. ई. स्मिथ यांचा ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ हा असाच स्पेस ऑपेरा. ती कथा कशी उघडते ते पाहा. प्रयोगशाळेत एक रसायनज्ञ तांब्याच्या वाफपात्रावर एका अज्ञात धातूच्या द्रावणातून वीज सोडतो आहे. वरचं चंचुपात्र तो उचलतो, आणि ते जड तांब्याचं भांडं हाताखालून सुटतं, टेबलावरच्या डझनभर बाटल्या फोडत उघड्या खिडकीतून बाहेर जातं. माणूस बघतच राहतो. पुढच्या काही प्रकरणांत तोच माणूस सूर्यमालेच्या बाहेर! स्मिथ स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टर होते आणि डोनटच्या पिठाच्या मिश्रणांवर काम करायचे. काचसामान त्यांच्या हाताखालचं होतं, म्हणून ते भांडं डोळ्यांसमोर उडताना दिसतं.

ही कथा त्यांनी १९१५मध्ये सुरू करून १९२०च्या सुमारास संपवली होती. छापून आली १९२८मध्ये. मधल्या काळात आकाशच बदललं होतं. १९२५च्या आरंभी एडविन हबल यांचं संशोधन जाहीर झालं : देवयानीतला तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेचा भाग नाही, ती दुसरीच दीर्घिका आहे. विश्व एका झटक्यात कल्पनेपलीकडे वाढलं. एवढ्या मोठ्या अंगणात आपण नेमके कुठे, हा प्रश्न प्रत्येकाला पडला असणार, आणि वर्तमानपत्रातल्या बातमीने त्याचं समाधान होत नाही. तिथे गोष्टच लागते.

आपल्या रसशास्त्रात अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, वीराचा उत्साह. हे दोन एकत्र आले की माणूस वयाच्या कुठल्याही वर्षी दहा वर्षांचा होतो. माझं तसं होतं, आजही. यानाचं विज्ञान कालबाह्य झालं, या कथांतल्यासारखी शुक्रावर दलदल नाही हे कळलं, तरी ती ओढ कमी होत नाही. पुष्पक विमानाला इंधन कोणतं, हे कुणी कीर्तनात विचारतं का?

प्रश्नकर्ती

पटलं, ‘अवकाशाख्यान’ घेते. आता पल्प?

प्रतिसाद

पल्प म्हणजे लगदाच. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरबरीत कागद. ‘आर्गसी’ मासिकाने १८९६मध्ये तो वापरून केवळ कथांचा अंक काढला आणि चाल पडली. १९२६च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी केवळ विज्ञानकथांचं ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं, किंमत २५ सेंट. या कागदात लिग्निन राहतं, ते हवा-उजेडाने पिवळं पडतं, आणि आम्लामुळे तंतू तुटत जातात. असा एक जुना अंक मी हातात घेतला होता. पान उलटताना कोपरा पापडासारखा मोडून बोटात आला, आणि बोटाला तपकिरी भुकटी लागली. मला फार वाईट वाटलं होतं.

हिंदीत ‘लुगदी साहित्य’ रुळलं आहे. मराठीत आपण कागदावरून नाव ठेवलं नाही, विषयावरून ठेवलं. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ‘रहस्यकथा’ झाले. म्हणून मी ‘पल्प मासिकं’ तसंच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘लगद्याच्या स्वस्त कागदावरची कथामासिकं’ एवढं लिहीन. ‘पिवळी मासिकं’ मात्र चुकूनही लिहू नका, त्याचा अर्थ भलताच होतो. ‘बाजारू’ही नको. शब्दामागे एखादा सेंट मिळवत लिहिणाऱ्या याच लेखकांनी इंग्रजीला शब्द दिले आहेत. ‘रोबोटिक्स’ आयझॅक असिमोव्ह यांच्या १९४१च्या कथेतला. हा शब्द आधीपासून आहे, अशीच त्यांची समजूत होती. ‘टेराफॉर्मिंग’, म्हणजे दुसरा ग्रह पृथ्वीसारखा राहण्याजोगा करणं, हा जॅक विल्यमसन यांचा, १९४२चा.

दुसरा प्रतिसाद

आख्यानाबद्दल माझी हरकत मागे घेतो. ‘कादंबरी’ हे तरी बाणभट्टाच्या एका नायिकेचंच नाव. ते साऱ्या प्रकाराला चिकटलं, तेव्हा कुणी अडवलं नाही.

प्रश्नकर्ती

लेखात टेराफॉर्मिंग दोनदा आलं आहे! ‘पृथ्वीकरण’ चालेल का?

प्रतिसाद

चालेल. मी ‘वसुंधरीकरण’ही म्हणून पाहिलं, पण ते लांबतं. ‘मंगळाचं पृथ्वीकरण’ एका दमात वाचता येतं.