शब्दचर्चा : जिथे जादू करणं गुन्हा आहे, तिथे 'जादू'ला काय म्हणतील?

धागाकर्ती
मंडळी, अडले आहे. एका काल्पनिक राज्याची गोष्ट लिहायला घेतली आहे. तिथे जादू खरीखुरी चालते. कोणी हात फिरवला की कुलूप उघडतं, कोणी नुसतं रोखून बघितलं की दूध नासतं. राजा तिला टरकून आहे, म्हणून कायद्याने बंदी. करणारा सापडला तर थेट सुळी.

आता कागदावर 'जादूबंदी' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. दारूबंदीची धाकटी बहीण वाटते. 'जादूवर बंदी' म्हटलं तर गणपती मंडळातले जादूचे प्रयोग पोलिसांनी बंद पाडले असं वाटतं. मग 'जादूटोणाबंदी' करून पाहिलं, तर वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "राजा अंनिसचा कार्यकर्ता आहे का गं?" या राजाच्या तोंडी शोभेल असा शब्द सुचवा. करणाऱ्यांना काय म्हणायचं तेही सांगा. 'तांत्रिक' लिहिलं होतं, पण "राज्यातून सर्व तांत्रिकांना हाकलले" हे वाचून लिफ्ट दुरुस्त करणारे डोळ्यांसमोर आले.

शुद्धिपत्र
अभिचार. संस्कृतात दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलेल्या मंत्रप्रयोगाला हाच शब्द आहे आणि कायद्याच्या भाषेतही तो आलेला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात 'अभिचारेषु सर्वेषु कर्तव्यो द्विशतो दमः' असं आहे. म्हणजे दोनशे पण (तेव्हाचं नाणं) दंड. राजाला भारदस्त शब्द हवा असेल तर हा घ्या.

धागाकर्ती
भारदस्त आहे, पण 'व्यभिचार' वाचला जाईल हो. मुद्रितशोधकच 'व्य' लावून मोकळा होईल.

घाटाखाली
आमच्याकडे तळकोकणात खरी भीती असते तिथे 'जादू' हा शब्द कोणाच्या तोंडी येतच नाही. नामच टाळतात. गाय आटली, पोर हडकलं, की म्हणतात "कोणीतरी केलंय". काय केलंय ते बोलत नाहीत. "बाहेरचं आहे" एवढ्यावर सगळ्यांना कळतं. डॉक्टरला दाखवून झालं, आता 'बाहेरचं' बघायचं, मग घाड्याकडे, म्हणजे बाधा काढणाऱ्याकडे जायचं.

'करणी' हा शब्दही तसाच आहे, म्हणजे नुसतं 'केलेलं'. एरवी हा अगदी सात्त्विक शब्द. देवाची करणी आणि नारळात पाणी. करणी कसायाची, बोलणी मानभावाची. पण "तिच्यावर करणी केली" म्हटलं की आवाज खाली येतो. 'वर' आला की अर्थ फिरला. गंमत म्हणजे संस्कृतातली 'कृत्या' पण तीच, कृ धातूवरून आलेली, शत्रूवर सोडलेली. शुद्धिपत्र यांनी दिलेल्या श्लोकाच्या पुढच्या ओळीत 'कृत्यासु विविधासु च' आहेच, म्हणजे दोघी एकाच दंडात बसल्या.

क्रियापदंही सांभाळा. मराठीत प्रत्येकीचं वेगळं आहे आणि चुकलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. करणी करतात. मूठ मारतात, आणि त्या मुठीत मंतरलेले उडीद असतात. भानामती होते, ती अमक्याने 'केली' असं नंतर ठरतं. दृष्ट लागते आणि काढतात. उतारा टाकतात. तिठ्यावर पत्रावळीत भात, त्यावर गुलाल, अर्धं कापलेलं लिंबू, शेजारी नारळ. सकाळी शाळेत जाताना आम्हाला तो ओलांडायची बंदी होती, वळसा घालून जायचो. आता 'उतारा' म्हटलं की तलाठ्याकडचा सातबारा आठवतो. तोही काही कमी बाधत नाही.

निद्रानाश
'जादू'ची तक्रार मला पटते, पण त्या शब्दावर अन्याय होतोय. तो मुळात असा गुळगुळीत नव्हता. आपल्याकडे तो फारसीतून आला, फारसीत जुन्या इराणीतून. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'यातु' म्हणजे दुष्ट मांत्रिक आणि त्याची विद्या. तोच 'यातु' ऋग्वेदात आहे, 'यातुधान' म्हणजे ती विद्या बाळगणारा. दोन्हीकडे शिवीच.

धागाकर्तीने ऋग्वेदाच्या सातव्या मंडळातलं १०४ वं सूक्त जरूर वाचावं. गोष्टीतल्या खटल्याचा अख्खा प्रसंग तिथे तयार आहे. ऋषी शपथ घेतो, 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि'. मी यातुधान असेन तर आजच मरो. आणि लगेच पुढच्या ऋचेत म्हणतो, मी तसा नसताना जो मला यातुधान म्हणतो, आणि जो स्वतः राक्षस असून 'मी शुद्ध आहे' म्हणतो, त्याला इंद्राने मारावं. आरोप, इन्कार, उलट आरोप. परंपरेने हे सूक्त वसिष्ठाचं मानतात. त्याच्यासारख्यालाही "मी तो नव्हे" अशी शपथ घ्यावी लागते, यावरून त्या शब्दाला केवढी धार असेल ते बघा.

ती धार मराठीत गेली. का गेली याचा माझा अंदाज असा की तंबूतला आणि रंगमंचावरचा खेळ 'जादू' म्हणून रुळला. जादूगार रघुवीर यांचे प्रयोग बघून आलेल्या माणसाला 'जादू' म्हणजे हातचलाखी, टाळ्या आणि टोपीतलं कबूतर. पुढे 'आवाजाची जादू', 'फलंदाजीची जादू'. आता या शब्दाने कोणाला घाबरवता येणार नाही.

शुद्धिपत्र
हे एकट्या 'जादू'चं नाही. 'गारूड' मूळचं सापाचं विष उतरवणाऱ्या गरुडमंत्राचं, आता 'सुरांचं गारूड'. 'भारणे' म्हणजे मंत्र घालणे. दोरा भारतात, उडीद भारतात. आणि आता शाल-श्रीफळ मिळालं की सत्कारमूर्ती 'भारावून' जातात. 'झपाटणे' हे भुताचं काम, हल्ली विद्यार्थी झपाटून अभ्यास करतात. 'तोडगा' म्हणजे बाधा घालवायचा टोटका, तो आता वाटाघाटींतून निघतो, तेही मंत्रालयात. 'किमया' अरबीतून आली, तिने लोखंडाचं सोनं व्हायचं. आता ती पहिल्या पावसाचीही असते.

धागाकर्ती
म्हणजे उरले कोण? करणी, चेटूक, मूठ, भानामती, जारण-मारण. यांना मात्र अजून कोणी कौतुकाने वापरत नाही. 'लतादीदींच्या आवाजाची करणी' असं कोणी लिहिणार नाही!

कायदेपंडित (हौशी)
थोडं लांबतंय, पण मुद्दा शब्दाचाच आहे. बहिणीने, माफ करा, मैत्रिणीने 'अंनिस' म्हटलं ते बरोबर होतं. 'जादूटोणाविरोधी कायदा' हे शब्द मराठीत एका विशिष्ट कायद्याचे झाले आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. अधिकृत नाव एवढं लांब की कोणी पूर्ण घेत नाही. त्यात नरबळी आहे, 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' आहेत आणि 'जादूटोणा' आहे. पण हा कायदा जादूला घाबरून केलेला नाही. जादू नसतेच, तिच्या नावाने माणसांना लुबाडतात, मारतात, म्हणून तो केला आहे.

तुमच्या राजाचा कायदा नेमका उलटा. त्याच्या मते जादू असते, हाच गुन्हा. इतिहासात दोन्ही प्रकार झालेत, आणि एकाच देशात. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स घ्या. १५८९ मध्ये त्याची नवरी डेन्मार्कहून निघाली ती वादळाने परतवली. तो स्वतः तिला आणायला गेला, परतीलाही समुद्र खवळलेला. मग ही वादळं चेटकिणींनी उठवली असं ठरलं आणि १५९० पासून नॉर्थ बेरिकचे खटले उभे राहिले. राजाने आरोपींची चौकशी जातीने केली, १५९७ मध्ये या विषयावर स्वतःच्या नावाने ग्रंथ काढला. १६०३ मध्ये तो इंग्लंडच्याही गादीवर आला आणि १६०४ मध्ये तिथला कायदा आणखी कडक झाला. ही तुमच्या गोष्टीतली भीती. पुढे १७३५ मध्ये ब्रिटिश संसदेने तो रद्द करून नवा आणला. त्यात गुन्हा चेटूक करण्याचा राहिला नाही, चेटूक येतं असं सोंग घेण्याचा झाला, शिक्षा एक वर्ष कैद. तो १९५१ पर्यंत पुस्तकात होता. आपला २०१३ चा कायदा त्या दुसऱ्या घराण्यातला.

म्हणून 'जादूटोणा' नको. तो शब्द आला की वाचक राजाच्या बाजूने उभा राहील, आणि तुम्हाला बहुधा ते नको आहे.

निद्रानाश
वा. यात भर म्हणून आपलंच एक उदाहरण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात गुप्तहेराने सापळा लावायचा असतो. वशीकरण करणाऱ्याकडे जायचं, अमकीवर माझं मन बसलंय, तिचं माझ्यावर बसव, हे घे पैसे. तो तयार झाला की हद्दपार. कृत्या-अभिचारवाल्यांनाही तोच नियम. (लोकल ट्रेनच्या डब्यात चिकटवलेली 'वशीकरण स्पेशालिस्ट' पत्रकं कौटिल्याने पाहिली असती तर हेरांना पगारवाढच दिली असती.) आणि त्याच ग्रंथाचं चौदावं अधिकरण, औपनिषदिक, ते काय आहे? शत्रूवर वापरायचे गुप्त प्रयोग! धूर, लेप, अदृश्य होण्याचे उपाय, मंत्र. म्हणजे प्रजेने केलं तर अभिचार, राजाने केलं तर राजनीती. धागाकर्ती, तुमच्या राजाच्या तळघरात एखादा माणूस ठेवा.

धागाकर्ती
ठेवलाच आहे. तुम्ही माझा शेवट फोडलात.

माळावरची
करणाऱ्यांच्या नावाबद्दल. वर कोणी सुचवलेलं नाही, पण सुचवलं जाईल म्हणून आधीच सांगते : 'भुताळी' आणि 'डाकीण' घेऊ नका. पालघरकडे भुताळी, सातपुड्यात नंदुरबारकडे डाकीण, हे शब्द आजही जिवंत बाईवर फेकले जातात. मारहाण होते, गाव सोडावं लागतं. बहुतेक वेळा ती विधवा किंवा एकटी असते आणि मागे जमिनीचा वाद असतो. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये बायकांना डाईण ठरवण्याविरुद्ध वेगळा कायदा केला तो याचसाठी. तुमच्या गोष्टीत जादू खरी आहे. म्हणजे 'डाकीण' म्हटलेली बाई खरोखर तशी असणार. तो शब्द तिथे वापरला की नकळत आरोप करणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

घाटाखाली
पूर्ण पटलं नाही. 'चेटकीण' पण एके काळी आरोपच होता ना?

माळावरची
होता. पण मराठी मुलांच्या पुस्तकांत ती इतकी वर्षं लांब नाक आणि झाडू घेऊन फिरतेय की आता तिला कोणी गावाबाहेर काढत नाही. हा फरक कोशात सापडणार नाही, कानाने ठरवायचा. आणि 'चेटकीण'ची दुसरी अडचण ही की ती जरा जास्तच निरुपद्रवी झालीय. म्हणून मी 'चेटकी' म्हणेन, पुरुषाला 'चेटक्या'. थोडं जुनं वाटतं आणि झाडू गळून पडतो.

निद्रानाश
'चेटूक'ला माझंही मत. 'चेट' म्हणजे दास, संस्कृत नाटकांत चेट-चेटी असतातच. त्याच्याशी 'चेटूक'चा संबंध जोडतात, म्हणजे दास करून ठेवलेल्या शक्तीकडून काम करवणं. कोकणातला 'चेडा' हा भुताचा प्रकारही याच गोतावळ्यातला असावा. राजाला भीती कशाची? त्याला सोडून दुसऱ्या कोणाचा तरी हुकूम मानणारे नोकर राज्यात आहेत, याची. शब्द चपखल बसतो.

धागाकर्ती
ठरलं. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी घालत होते, तिथेच अडकले होते. आता अशी वाटणी करतेय. फर्मानात 'चेटूक'. बाजारात, पाणवठ्यावर कोणी नाव घेत नाही, "केलंय" आणि "बाहेरचं". दरबारातले पंडित 'अभिचार' म्हणतील (मुद्रितशोधकाला वेगळी चिठ्ठी). ज्यांना ती येते ते आपसांत नुसतं 'विद्या' म्हणतात, आणि 'जादू' हा शब्द अख्ख्या पुस्तकात नाही. फर्मानाचा मसुदा बघा :

"राज्यात जो कोणी चेटूक करील, करवील, अथवा चेटुकाची वस्तू घरी बाळगील, त्याचे घरदार जप्त करून त्यास सुळी द्यावे. करणाऱ्यास थारा देईल त्यासही तीच सजा. ये विषयी सक्त ताकीद जाणावी."

शुद्धिपत्र
छान. 'मनाई' किंवा 'बंदी' न लिहिता 'ताकीद' वापरलीत हे विशेष आवडलं. जुन्या पत्रांचा वास येतो. फक्त 'चेटुकाची' नको, 'चेटकाची' करा. लाकूड–लाकडाची, तांदूळ–तांदळाची, तसंच चेटूक–चेटकाची. अनेकवचन 'चेटकं'. 'चेटकी' आणि 'चेटक्या' ही रूपंही याच वळणावर जातात.

धागाकर्ती
केलं. आणि मूठ मारणारा पकडला तर 'मूठमाऱ्या' म्हणू का?

घाटाखाली
नको. "मूठ मारताना सापडला" असंच लिहा.