मणक्याच्या आजारावरची डिसॅबिलिटी पेन्शन ‘एनएएनए’ म्हणून नाकारली: दुसरे अपील की थेट ट्रिब्युनल?

सैनिकमित्र:
एका हवालदारांचे प्रकरण आहे. तोफखान्यात २४ वर्षे सेवा, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्ती. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणारे डॉक्टरांचे मंडळ) एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकल्याचे निदान लिहिले आहे, अपंगत्वाची टक्केवारी २०, आजन्म. पुढे मात्र शेरा ‘एनएएनए’, म्हणजे आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे बळावलाही नाही. कारण एवढेच दिले आहे: सुरुवात २०१३ मध्ये पीस स्टेशनला (शांततेच्या भागातली छावणी), आजार झिजेचा. पहिले अपीलही त्याच कारणावर फेटाळले, त्या पत्राला चार महिने झाले. आता खात्याकडे दुसरे अपील करावे की थेट आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (सैनिकांच्या दाव्यांचे न्यायाधिकरण) जावे? आणि नवा एमआरआय जोडला तर टक्केवारी वाढेल का?

रेकॉर्डवाले:
दुसऱ्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणजे तुमच्या हातात दोन महिने आहेत. ते करून टाका. थेट ट्रिब्युनलला गेलात तर समोरून पहिला आक्षेप हाच येतो की खात्यातले उपाय संपवलेले नाहीत (ट्रिब्युनलच्या कायद्याचे कलम २१). दुसरे अपील दाखल केले आणि सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर उपाय संपले असे कायदाच मानतो. तिथून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा. म्हणून अपील रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढची सगळी मोजणी त्या पावतीच्या तारखेवर होते.

अपील लिहायच्या आधी बोर्डाची पूर्ण प्रत मिळवा. फॉर्मचे नाव एएफएमएसएफ-१६. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. मागताना ‘सर्व पानांसह’ असे स्पष्ट लिहा, कारण बऱ्याचदा फक्त शेवटचे मताचे पान पाठवले जाते. आपल्याला हवे ते पान सुरुवातीला असते: कुठून कुठपर्यंत कुठे पोस्टिंग, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘पी’ की ‘एफ’, म्हणजे पीस की फील्ड. २०१३ च्या आधीच्या तीन-चार ओळींत ‘एफ’ असेल, तर बोर्डाचे कारण त्यांच्याच कागदावरून डळमळते. पाठीचे दुखणे सुरू व्हायला वेळ लागतो, निदान मात्र युनिट पीसला येऊन हॉस्पिटल गाठल्यावर होते. अपिलात हे तारखांसह मांडा.

एखादी विशिष्ट दुखापत झाली असेल, उदाहरणार्थ गाडी उलटली किंवा पडले, तर त्या वेळचा इंजुरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) शोधा. तो असेल तर प्रकरणाचा रंगच बदलतो.

अस्थितज्ज्ञ:
एमआरआयबद्दल. टक्केवारी निवृत्तीच्या वेळच्या स्थितीवर ठरलेली आहे. आजच्या एमआरआयमध्ये चकती जास्त सरकलेली दिसली तर समोरचे म्हणतील, ही निवृत्तीनंतरची झीज. त्यापेक्षा २०१३ ते २०२१ मधले सेवेतले कागद जोडा: पहिली ओपीडी नोंद, ॲडमिशनचे डिस्चार्ज स्लिप, शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त श्रेणी) मधून खाली आल्याचे मेडिकल कॅटेगरीचे बोर्ड. त्यात ‘पायात मुंग्या’, ‘अंगठा वर उचलण्याची ताकद कमी’ असे काही लिहिले असेल तर ते ठळक करा. एल-५ ची नस दबल्याची ती खूण आहे आणि नुसत्या पाठदुखीपेक्षा तिचे वजन जास्त.

‘झिजेचा आजार’ हे वाक्य निम्मेच खरे असते. झीज वयाने होते, पण वाकून वजन उचलण्याने ती लवकर येते आणि वाढते. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे ४३ किलोचा. तो जमिनीवरून उचलून वळायचे, दिवसात कितीतरी वेळा. कमरेच्या खालच्या दोन चकत्यांवर याहून वाईट भार क्वचितच येतो. हवालदारसाहेबांचे नेमके काम काय होते, तोफेवर की ऑफिसात, हे युनिटकडून लेखी मिळाले तर उत्तम.

कायदेकानून:
२०२१ ची निवृत्ती, त्यामुळे २००८ चे एंटायटलमेंट रूल्स (अशा पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम) लागतात. २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम इथे आणू नका. रेकॉर्डवाल्यांनी सांगितलेला फील्डचा मुद्दा या नियमांतच बसतो: फील्ड, ऑपरेशन, हाय आल्टिट्यूड अशा सेवेच्या परिस्थितीने आजार लवकर सुरू झाला किंवा वाढला, तर तो ‘बळावलेला’ धरला जातो. त्यामुळे मागणी दोन पदरी लिहा: मुख्य म्हणजे सेवेमुळे झाला, आणि ते मान्य नसेल तर सेवेमुळे बळावला. अनेक अपिले पहिल्याच मागणीवर थांबतात आणि हातची संधी घालवतात.

सोबत धरमवीर सिंग निकाल (सर्वोच्च न्यायालय, २०१३) जोडा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरायचे, आणि ते खोडायची जबाबदारी खात्याची. बोर्डाला कारणे द्यावी लागतात, नुसता शेरा चालत नाही.

२० टक्के ही पात्रतेची किमान रेषा आहे, ती पार झालेली आहे. टक्केवारी वाढवण्याच्या मागे लागू नका. ब्रॉड बँडिंगची मागणी मात्र स्पष्ट शब्दांत करा: २० चे ५० धरले जातात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळते. हिशोब पाहा. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. वेतन ४०,००० धरले तर १२,०००. २० टक्क्यांचे होतात २,४००, ५० धरल्यावर ६,०००, वर महागाई भत्ता. उशिराने ट्रिब्युनल गाठले तर थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून रेंगाळू नका. महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबई खंडपीठाकडे जातात.

सैनिकमित्र:
बोर्डाची प्रत घरी आहे, पण पोस्टिंगचे पान नाही. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकतो. दोन महिन्यांत ते पान आले नाही तर?

रेकॉर्डवाले:
थांबू नका. मुदतीत अपील दाखल करा, त्यात ‘पोस्टिंगचा तपशील मागवला आहे, मिळताच सादर करू’ अशी ओळ घाला आणि माहिती अधिकाराच्या अर्जाची प्रत जोडा. डिस्चार्ज बुकात युनिटांच्या नोंदी असतील तर त्यांची झेरॉक्सही लावा.