बॅटन का पडतो

रिले म्हणजे चौघांनी पाळीपाळीनं पळायची शर्यत, आणि बॅटन म्हणजे त्यात एकानं पुढच्याच्या हातात द्यायची दांडी. पोरं सराव करत नाहीत म्हणून हा बॅटन पडतो, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. माझा पुतण्या खानापूरहून पहाटेच्या बसनं निघतो नि साडेसहाला बेळगावात मैदानावर हजर असतो; त्याच्या रिले संघातले बाकीचे तिघंही तसेच. घोळ मैदानावरच्या रेघांत होता. ४×१०० मध्ये, म्हणजे चौघांनी प्रत्येकी १०० मीटर पळायच्या रिलेत, बॅटन द्यायचा पट्टा पूर्वी २० मीटरचा होता आणि घेणाऱ्याला त्याच्या १० मीटर आधीपासून पळत यायची मुभा असायची. २०१७ च्या अखेरीस नियम बदलला, आता सगळा मिळून ३० मीटरचा एकच पट्टा. आमच्याकडं मात्र गेल्या वर्षापर्यंत रेघांची फक्की (पांढरी पूड) जुन्याच मापानं पडत होती. पोरांना वाटायचं, देवघेव २० मीटरांतच उरकायला हवी. मागचा घाईनं हात पुढं करायचा, पुढच्याला अजून वेग आलेला नसायचा, आणि बॅटन मातीत.

दिवाळीनंतर आम्ही टेप घेऊन स्वतः मापलं. तांबड्या मातीवरची फक्की एका सरीत धुऊन जाते, म्हणून ट्रॅकच्या बाहेर कडेला खुंट्या ठोकल्या. तीन आठवड्यांत फरक दिसला. त्या पोरांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही! एक मात्र ध्यानात ठेवा, ४×४०० चा पट्टा अजून २० मीटरचाच आहे. आणि पंच बघतात ते बॅटन कुठं आहे ते, देवघेवीच्या वेळी पाय पट्ट्याच्या रेघेबाहेर असले तरी बाद होत नाही.