मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या गावात पूर व विजेची माहिती द्यायची आहे. दोन भाषांत नेमके कसे सांगावे?

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी देगलूर तालुक्यातील मांजरा नदीकाठच्या एका गावचा असून सध्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यातील हसनाळ आणि रावणगाव येथे रात्रीतून पाणी शिरले. त्यानंतर आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटातील आठ जणांनी ठरवले की पूर, वीज आणि सर्पदंश या तीन प्रसंगी काय करावे व काय टाळावे, हे पुढच्या पावसाळ्याच्या आत घरोघरी पोहोचवायचे. आमच्या गावात निम्म्याहून अधिक घरांची बोली तेलुगू आहे, दोन गल्ल्यांत दखनी बोलली जाते आणि शाळा, तलाठी, ग्रामपंचायत यांचा सगळा व्यवहार मराठीत चालतो. त्यामुळे माहिती किमान मराठी व तेलुगूत द्यावी, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

पहिला प्रयत्न मात्र फसला. शासकीय मराठी माहितीपत्रकाचा आम्ही मोबाइलवर तेलुगू अनुवाद केला, तो तेलुगू लिपीत छापून घेतला आणि मारुतीच्या पारावर वाटला. कागद लोकांच्या हातात गेल्यावर लक्षात आले की घरात तेलुगू बोलणाऱ्या आमच्याच आईवडिलांना तेलुगू वाचता येत नाही, कारण सगळ्यांची शाळा मराठी. (हे आम्हाला आधी सुचू नये, याचे आजही नवल वाटते.) मग निजामाबादकडे आजोळी राहून शिकलेल्या एका मैत्रिणीने ते मोठ्याने वाचून दाखवले. ‘अप्रमत्तंगा उंडंडि’ हे वाक्य आले तेव्हा एक आजी म्हणाल्या, “टीव्हीवाल्यावानी बोललीस बाई, पण त्या वक्ताला मी करायचं काय?” मूळ मराठीतही त्या जागी ‘सतर्क राहावे’ एवढेच होते. शेवटी, ज्यांनी आम्हा सगळ्यांना याच नदीत पोहायला शिकवले, त्या एका ज्येष्ठांनी हसत विचारले की आता तुम्ही आम्हाला पूर शिकवणार का, आणि सभा तिथेच मोडली.

तेलुगू मजकूर कोणत्या लिपीत द्यावा, मराठीशेजारी द्यावा की वेगळा, आणि विशी-बाविशीतल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना या गोष्टी कोणत्या रीतीने सांगाव्यात, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त गुरुजी, उमरगा

आपला प्रयत्न फसला म्हणता, पण त्या आजींनी आपल्याला मसुद्यातला सर्वांत मोठा दोष फुकट दाखवून दिला आहे. दोष अनुवादाचा नव्हता. ज्या मराठी वाक्यात करण्याजोगे काहीच नाही, त्याचा कोणत्याही भाषेत अनुवाद केला तरी त्यातून करण्याजोगे काही निघत नाही.

आमच्या घरात कन्नड आणि बाहेर मराठी, त्यामुळे हा अनुभव मला जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि भूकंपाविषयी शिकवायला बाहेरून पुष्कळ मंडळी आली. ‘वाका, टेबलाखाली लपा, धरून राहा’ हे त्यांचे सूत्र सिमेंटच्या पक्क्या इमारतीसाठी योग्यच आहे. पण आमची माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेली माळवदे अंगावर पडून, आणि बहुतेक घरांत टेबल नव्हतेच. तशा घरात दाराजवळच्या माणसाने अंगणात, भिंतीपासून दूर जाणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. हिंगोली जिल्ह्यात मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले, तेव्हा हा विषय आपल्याही यादीत असावा. फक्त शिकवण्याआधी गावातील घरे कशाची आहेत, हे फिरून पाहावे.

आता शब्दांविषयी. मराठीत आपण आकाशात चमकते तीही वीज, पडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीजच म्हणतो. तेलुगूत चमकणारा तो ‘मेरुपु’ आणि पडणारा तो ‘पिडुगु’; कन्नडमध्ये तेच ‘मिंचु’ आणि ‘सिडिलु’. म्हणजे जी भाषा आपण अनुवादाची समजत आहात, ती या बाबतीत मूळ मजकुरापेक्षा नेमकी आहे. उलट काही शब्द दगा देतात. पुराला तेलुगूत ‘वरद’ म्हणतात, आणि मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने गणपती उभा राहतो. कन्नडमध्ये ‘प्रवाह’ म्हणजे पूरच, तर मराठीत ओढ्याची साधी धारसुद्धा प्रवाह असते. म्हणून दोन्ही भाषा जाणणाऱ्या चार बायका आणि चार गडी बसवून, प्रत्येक गोष्टीला घरात काय म्हणतात ते आधी विचारून घ्यावे आणि तेच शब्द देवनागरीत लिहावेत. आपल्या तेलुगूभाषकांना देवनागरी वाचता येते, तेव्हा दुसऱ्या लिपीचा आग्रह नको. दखनी गल्ल्यांतील मुले उर्दू माध्यमात शिकत असतील, तर तेवढा कागद मात्र उर्दू लिपीत असावा.

तांड्यावरची आशाताई, किनवट

गुरुजींचे म्हणणे पटते, पण कागदावर माझा फारसा भरवसा नाही. आमच्या गोरमाटीला, म्हणजे बंजारा बोलीला, स्वतःची लिपी नाही आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना कोणतीच लिपी येत नाही. जे तोंडी सांगता येते आणि करून दाखवता येते, तेवढेच टिकते, असा माझा अनुभव आहे.

विजेचे उदाहरण देते. कापसाच्या खुरपणीला गेलेल्या बाया पाऊस आला की सवयीने झाडाखाली जातात. ‘झाडाखाली थांबू नये’ हे त्यांनी शंभरदा ऐकले आहे, पण मग कुठे जावे हे कोणी सांगत नाही. मी मुलींना मोजायला शिकवले. चमक दिसली की मोजायला लागायचे आणि तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. जवळ काहीच आडोसा नसेल, तर एकमेकींपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही. अंक प्रत्येकीने घरच्या भाषेत मोजायचे. घाबरलेला माणूस परक्या भाषेत मोजत नाही.

मुलींना कोण ऐकेल, असे आम्हालाही वाटत होते. पण श्रावणात तीजेच्या दिवसांत तांड्यावरच्या कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि रात्री नायकाच्या दारी गाणी म्हणतात. त्या दिवसांत मुली पुढे आणि मोठी माणसे ऐकायला बसलेली असतात, त्यामुळे आम्ही मोजणीचा खेळ तिथेच घेतला. तुमच्याकडे गणपती किंवा बोनालू, जे काही भरत असेल, त्यात जागा शोधा. वेगळी सभा बोलावली की लोक ती सरकारी समजतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा त्यांना जे सांगायचे ते मृगाच्या आधी सांगून मोकळे व्हा.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात: बांधू नका, कापू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. हे सगळ्या भाषांत सांगता येते. अडचण मांत्रिकाची आहे, भाषेची नाही. आमच्याकडे मांत्रिकालाच गटात घेतले आणि ‘मंत्र गाडीत बसून म्हणा’ एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

पाणवठा

मी बिलोली तालुक्याचा, पाटबंधाऱ्याच्या कामाशी अनेक वर्षे संबंधित आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सुटली आहे आणि तुमच्या गावासाठी तीच मुख्य आहे.

मांजरा आपल्या मराठवाड्यातून निघून कर्नाटकात बिदरकडे जाते, तिथून तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर ही धरणे ओलांडते आणि मग उत्तरेकडे वळून देगलूर, बिलोलीच्या हद्दीवरून गोदावरीला मिळते. याचा अर्थ असा की तुमच्या गावावर थेंबभर पाऊस नसताना, कडक ऊन असतानाही पूर येऊ शकतो, आणि तो येणार असल्याची पहिली बातमी तेलंगणात, तेलुगूत दिली जाते. मराठी मूळ आणि तेलुगू अनुवाद, असे तुम्ही धरून चालला आहात. पुराच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. तेलुगू वाहिन्या पाहणाऱ्या तुमच्या आजींना निजामसागरचे दरवाजे उघडल्याचे ग्रामपंचायतीच्या फलकाआधी कळत असेल. तेव्हा तेलुगू घरांना माहिती देण्याइतकेच, त्यांच्याकडून माहिती घेऊन मराठी आणि दखनी गल्ल्यांत पोहोचवण्याची सोय तुमच्या गटाने केली पाहिजे.

त्या ज्येष्ठांनाही हेच विचारावे. त्यांना पावसाचा पूर तुमच्यापेक्षा चांगला कळतो. कोणता ओढा आधी भरतो आणि कोणती पाणंद आधी बंद होते, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या व जुन्या पुराच्या खुणा त्यांच्या हाताने देवळाच्या भिंतीवर काढून घ्या. मात्र दरवाज्यांतून सोडलेले पाणी वेगळ्या वेगाने चढते, हे त्यांच्यासमोर आकड्यांनिशी ठेवा.

आकड्यांवरून आठवले. ‘१ लाख क्युसेक विसर्ग’ हे मराठी आहे, असे आपण समजतो, पण ‘विसर्ग’ म्हटले की गावातल्या माणसाला व्याकरणातली दोन टिंबे तरी आठवतील किंवा काहीच आठवणार नाही. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणून १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन येणारी ५० वाघिणींची रेल्वे सर्वांना आठवते. तिच्या एका खेपेत २५ लाख लिटर पाणी यायचे. तशी एक आख्खी गाडी दर सेकंदाला नदीत ओतली जात आहे, असे सांगा. हे मी स्वतः सांगून पाहिले आहे आणि सभेत पहिल्यांदाच शांतता पसरलेली पाहिली आहे.

आणखी एक. हद्दीवरच्या गावात मोबाइल बऱ्याचदा पलीकडचा टॉवर पकडतो आणि मग इशाऱ्याचे संदेशही पलीकडचे येतात. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक लावतानाही हा घोळ होऊ शकतो, म्हणून भिंतीवर नांदेडच्या कक्षाचा पूर्ण क्रमांक एसटीडी कोडसह रंगवा.

साधा माणूस

चर्चा चांगली आहे, पण एवढा खटाटोप आवश्यक आहे का? महाराष्ट्रातील गावात मराठी सर्वांना समजते. दोन-तीन भाषा केल्याने गोंधळच वाढेल, असे वाटते.

निवृत्त गुरुजी, उमरगा

समजते, हे खरे आहे. पण आमच्या आईला बाजारात, बँकेत उत्तम मराठी येत असे आणि त्या पहाटे ढिगाऱ्यातून ती हाका मारत होती त्या कन्नडमध्ये. बाहेरून आलेल्या जवानांना ती काय म्हणते ते आम्हाला सांगावे लागले. आत अजून कोण आहे, हेच ती सांगत होती.

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून आम्ही रविवारी पुन्हा बसलो, या वेळी पारावर नव्हे तर त्याच आजींच्या ओसरीवर. ‘सतर्क राहावे’ काढून टाकले. त्याऐवजी मराठीत ‘निजामसागरचे दरवाजे उघडले, जनावरांचे दावे सोडा आणि शाळेकडे चला’ एवढेच ठेवले. तेलुगूत आम्ही ‘गेट्लु एत्तारु’ लिहिले होते, ते आजींनी घरच्या बोलीप्रमाणे ‘एत्तिन्रु’ असे दुरुस्त केले आणि पुढचे ‘पशुवुलनु विप्पंडि’ तसेच राहू दिले. दखनीत ‘पानी छोड़े बोले तो जनावरां खोल को उप्पर चलो’ असे ठरले असून मशिदीच्या भोंग्यावरून आणि मारुतीच्या देवळातून तिन्ही वाक्ये पाठोपाठ सांगण्यास दोन्हीकडच्या मंडळींनी होकार दिला आहे.

पोहायला शिकवणारे काकाही आले होते. त्यांनी देवळाच्या भिंतीवर खूण दाखवली, ती माझ्या डोक्याच्याही वर होती. आमची शाळा त्या खुणेपेक्षा उंचावर आहे की नाही, यावर वाद झाला, आणि तो मिटेपर्यंत ‘शाळेकडे चला’ हे शब्द रंगवायचे थांबवले आहेत. पाणवठा यांनी सवड असल्यास कळवावे: पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने गवंडी समपातळी काढतात, तशी दोनशे-अडीचशे मीटर अंतरावर टप्प्याटप्प्याने काढली, तर चूक किती येऊ शकते?