झिरो २ डब्ल्यूचा हातातला कन्सोल: आवाज वाढवला की रीस्टार्ट, चित्र अडखळतं

गोदाकाठ

रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूवर (छोटा एका बोर्डाचा संगणक, पुढे नुसतं झिरो) जुन्या गेमांचा कन्सोल झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) जोडून झालाय, पण अजून डब्यात बसवायच्या लायकीचा नाही.

सामान: एक १८६५० सेल (२६०० एमएएच) स्प्रिंगच्या होल्डरमध्ये, प्रोटेक्शनवाला टीपी४०५६ चार्जर, सेलचे व्होल्ट ५ पर्यंत चढवणारा एमटी३६०८ बूस्ट, २.८ इंची आयएलआय९३४१ स्क्रीन (एसपीआय म्हणजे मोजक्या तारांवरून चित्र पाठवणारी), मॅक्स९८३५७ए अँप्लिफायर, ४ ओहम ३ वॅट स्पीकर, १२ टॅक्ट स्विच. कार्डावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय ४.८.

१) सेल अर्धा उतरला की प्लेस्टेशनच्या गेममध्ये आवाज वाढवताच रीस्टार्ट. स्क्रीनवरची कमी व्होल्टेजची विजेची खूण मात्र एकदाही आली नाही.
२) चित्र अडखळतं, पळापळीच्या गेममध्ये तर फारच.
३) सिलेक्ट बटण (झिरोची जीपीआयओ २० पिन) मेलेलं, आणि आर बटण कायम दाबलेलंच दिसतं.
४) डबा नाशकातच करून घ्यायचाय. ॲक्रिलिक की थ्रीडी प्रिंट?

सातपूर_सोल्डर

खूण येणारच नाही. झिरो मालिकेच्या बोर्डांवर कमी व्होल्टेज ओळखणारं सर्किटच नाही. बाकीच्या रास्पबेरी पाय बोर्डांवर सप्लाय ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की खूण येते. झिरोवर मीटरच लावायचा: गेम चालू, आवाज पूर्ण, प्रोब पिन २ आणि पिन ६ वर. मीटर क्षणभराचा खड्डा पकडत नाही, म्हणून ४.८ दिसले तर खरा आकडा त्याच्याही खाली जातोय असं समजा.

अर्ध्या सेलनंतरच का, तेही बघा. आवाजाच्या झटक्याला सगळं मिळून ५ व्होल्टवर १ अँपिअर धरू, म्हणजे ५ वॅट. बूस्ट ८५ टक्के कार्यक्षम धरला तर सेलकडून ५.९ वॅट हवेत. सेल ४.१ व्होल्टवर असताना हे १.४ अँपिअर होतात, ३.४ वर आला की १.७. सेल जितका रिकामा, तितका त्याच्यावरचा ओढा जास्त. त्यात ३० गेजची केसासारखी वायर असेल तर जाऊन-येऊन ३० सेंटिमीटरला ०.१ ओहम, म्हणजे ०.१७ व्होल्ट वायरीतच गेले. स्प्रिंगचा होल्डर आणखी खातो तो वेगळाच.

काय करायचं:

सेल ते टीपी४०५६, तिथून बूस्ट, तिथून झिरो, सगळीकडे २२ गेज आणि जमेल तितकी आखूड वायर. होल्डर काढून सेलला निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे करून देतात. सेलवर थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने आतलं सील आणि सेपरेटर खराब होतो.

झिरोच्या ५ व्होल्ट पिनजवळ ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर. उलटा लावला तर फुगतो.

अँप्लिफायरची गेन पिन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी) मोकळी असेल तर ९ डीबी मिळतात. ती व्हीआयएनला (वीज येते त्या पिनला) जोडली की ६ डीबी. हातातल्या वस्तूला तेवढा आवाज पुष्कळ होतो, झटकेही कमी बसतात. स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंडला लावू नका, या चिपचं आउटपुट दोन्ही बाजूंनी चालतं.

आणि एमटी३६०८ बदलला तर आधी झिरोशिवाय चालवून ५.१ व्होल्टवर आणा, मगच जोडा. नव्या मॉड्यूलवर पितळी स्क्रू कुठेही फिरवलेला असतो. बरेच वेढे काहीच होत नाही, मग आकडा एकदम पळतो.

चार्जिंग लावून खेळणं या जोडणीत टाळा. टीपी४०५६ चार्जिंग संपलं हे ओळखतो करंट १०० मिलीअँपिअरवर आल्यावर. झिरो त्याच तारांवरून त्याहून जास्त ओढत असतो, त्यामुळे चार्जर थांबतच नाही आणि सेल ४.२ वर टांगून राहतो. चार्ज करता करता खेळायचंच असेल तर आयपी५३०६ चं मॉड्यूल बघा, नाहीतर पी-चॅनेल मॉसफेट आणि शॉटकी डायोड लावून लोड शेअरिंग करा, म्हणजे चार्जिंग लावलं की झिरोला वीज सेलऐवजी थेट चार्जरच्या केबलवरून मिळते.

एकलहरे_८बिट

स्क्रीनचं गणित सोपं आहे. ३२० गुणिले २४० गुणिले १६ बिट म्हणजे एका फ्रेमला सुमारे १२.३ लाख बिट. साठ फ्रेमना ७.४ कोटी बिट प्रति सेकंद. साधा ड्रायव्हर ३२ मेगाहर्ट्झवर चालवला तर २६ फ्रेमच्या वर जाणं शक्यच नाही.

एफबीसीपी-आयएलआय९३४१ हा प्रोग्राम कंपाइल करा. तो एचडीएमआयचं चित्र उचलून त्यातले फक्त बदललेले पिक्सेल स्क्रीनला पाठवतो, म्हणून त्याच तारेवरून काम निभतं. कोअर क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ असताना भाजक ८ दिला की ५० मेगाहर्ट्झ, ६ दिला की ६६. आधी ८ वर चालवा. ६ वर रंगीत ठिपके दिसले तर वायर लांब आहे. १० सेंटिमीटरच्या आत आणा.

कॉन्फिग फाइलमधून एसपीआय चालू करणारी ओळ काढून टाका. हा प्रोग्राम एसपीआय स्वतः हाताळतो. दोघे एकाच वेळी बसले की पांढरी स्क्रीन. ओळ काढूनही पांढरीच राहिली तर स्क्रीनच्या डीसी (डेटा/कमांड) आणि रीसेटच्या वायरी उलटसुलट आहेत का बघा. टच आणि कार्डाच्या पिना मोकळ्या सोडा.

एचडीएमआय ३२० बाय २४० वर सक्तीने ठेवा (ग्रुप २, मोड ८७, सीव्हीटीमध्ये ३२० २४० ६०) आणि हॉटप्लग फोर्स करा (टीव्ही न जोडताही एचडीएमआय चालू राहतं), म्हणजे आकार बदलण्याचं काम वाचतं, अक्षरंही स्वच्छ दिसतात. रेट्रोपाय ४.८ जुन्या बस्टर ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, ते इथे पथ्यावर पडतं. हा प्रोग्राम चित्र हाताळणाऱ्या जुन्या डिस्पमॅनएक्सवर अवलंबून आहे, त्याच्या जागी आलेल्या नव्या केएमएस ड्रायव्हरवर चालत नाही. अपग्रेडच्या मोहात पडू नका.

सातपूर_सोल्डर

बटणांचं राहिलं. आय२एस (अँप्लिफायरला आवाज पोचवणारी जोडणी) चालू केलं की ध्वनीचा ड्रायव्हर १८ ते २१ चारही जीपीआयओ घेतो. अँप्लिफायरला २० लागत नाही, तरी तो अडकतोच. सिलेक्ट १५ वर (पिन १०) न्या आणि त्याच पिनवर चालणारा सिरियल कन्सोल बंद आहे ना ते बघा.

आरचं बटण नव्वद अंशांत फिरवून लावलेलं असणार. टॅक्ट स्विचला चार पाय असतात, त्यातले दोन-दोन आतून कायमचे जोडलेले. मल्टिमीटर बीपवर ठेवा; न दाबता वाजला तर बटण काढून फिरवून लावा. त्यापेक्षा वायर कायम समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतल्या पायांना लावायची सवय ठेवा, मग बटण कसंही बसलं तरी चालतं.

गोदाकाठ

सिलेक्ट आणि आर दोन्ही सुटलं. पिन २ वर गेममध्ये ४.५५ दिसत होते. वायर बदलून, होल्डर काढून ४.९६. गेन ६ केल्यावर रीस्टार्ट नाही. डब्याचं सांगा, आणि बंद करायला नुसता सेलचा स्विच चालेल का?

सिडको_पेचकस

१८६५० ची जाडीच १८ मिलिमीटर. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकचे थर रचले तर नुसत्या सेलला सहा थर लागतात आणि वस्तू विटेसारखी होते. ॲक्रिलिकच हवं असेल तर ५-६ मिलिमीटर जाडीचा चपटा लिपो सेल घ्या. तो हजार एमएएचचा असेल तर टीपी४०५६ वरचा १.२ के (किलोओहम) रेझिस्टर काढून २.४ के लावा, चार्जिंग १ ऐवजी अर्ध्या अँपिअरवर येतं. लेझर कटिंग अंबड-सातपूर पट्ट्यात होतं; फाइल डीएक्सएफमध्ये न्या.

प्रिंट करणार असाल तर पीएलए नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. पीईटीजी घ्या. झिरोची भोकं ५८ बाय २३ मिलिमीटरवर, स्क्रू एम२.५. बटणाच्या टोपीभोवती सगळीकडून ०.३ मिलिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर बटण खाली जाऊन तिथेच बसतं.

नुसत्या सेलच्या स्विचने वीज तोडून बंद करू नका, कार्ड खराब होतं. जीपीआयओ ३ वर एक बटण ग्राउंडला लावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरलेची ओळ टाका. त्याच बटणाने बंद झालेला झिरो परत जागाही होतो. हिरवा दिवा विझला की मग स्विच. रेट्रोआर्कमध्ये (रेट्रोपायमधला गेम चालवणारा प्रोग्राम) सेव्हरॅमचं, म्हणजे गेममधल्या सेव्हचं, ऑटोसेव्ह १० सेकंदांवर ठेवा. मुळात ते बंद असतं आणि गेममधून बाहेर पडल्यावरच कार्डावर लिहिलं जातं.