लॅपटॉपचा प्रोसेसर ०.७८ वर अडकलाय, मदत हवी आहे

हिशोबनीस
नमस्कार, ऐरोलीहून लिहितेय. लॅपटॉप भयंकर स्लो झालाय. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ०.७८ गिगाहर्ट्झ दिसतो आणि तिथून हलत नाही. खाली बेस स्पीड १.८० लिहिलंय. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायला चार मिनिटं लागतात, एक्सेलमध्ये आकडा टाइप केला की तो थोड्या वेळाने उमटतो. आज ९ तारीख. ११ पर्यंत नऊ दुकानदारांचे जीएसटीआर-१ (जीएसटीचे विक्रीचे रिटर्न) भरायचेत आणि दोनच झालेत. व्हायरस स्कॅन केला, काही सापडलं नाही. रीस्टार्ट करून करून थकले. दुकानात न्या असं सांगू नका, तेवढा वेळच नाही.

घोडबंदर४२
कुठला प्रोसेसर? रॅम किती? हार्ड डिस्क की एसएसडी?

हिशोबनीस
आय५ आहे. रॅम ८.

घोडबंदर४२
हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क टाका. मी २०१९ मध्ये टाकली, बायकोचा लॅपटॉप अजून नव्यासारखा चालतो. बाकी काही शोधायची गरज नाही.

रात्रपाळी
एसएसडीने प्रोसेसरचा स्पीड वाढत नाही हो. त्या विचारतायत एक, तुम्ही सांगताय दुसरंच. ताई, नुसतं आय५ सांगून कळत नाही, पुढचा नंबर द्या. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट. आणि विंडोज कुठलं तेही.

हिशोबनीस
तिथे आय५-८२५०यू, १.६० आणि पुढे परत १.८० असं लिहिलंय. दोन वेगळे आकडे का आहेत? विंडोज ११. २०१८ मध्ये घेतला होता.

रात्रपाळी
दोन आकड्यांची काळजी नको. इंटेलने या चिपचा मूळ वेग १.६ दिलाय, बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा १.८ वर बसवून देतात. टर्बोत, म्हणजे कामाच्या वेळी जोर लावला की, ३.४ पर्यंत जातो. म्हणजे काम चालू असताना २ च्या वरच दिसायला हवा. काम करताना ०.७८ म्हणजे कोणीतरी त्याला मुद्दाम दाबून ठेवलंय.

नौपाड्याचा
उष्णता. दुसरं काही नाही. सात-आठ वर्षांचा लॅपटॉप, आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झाली असणार. आपल्याकडची ऑक्टोबरची गरमी, त्यात घामट हवा. मागचं झाकण उघडा, पंखा ब्रशने साफ करा, नवी पेस्ट लावा. तासाभराचं काम आहे. मी स्वतः चार लॅपटॉपची केली आहे.

रात्रपाळी
आधी तापमान तर बघूया. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम मोफत आहे, टाका आणि आकडा सांगा. ही चिप १०० अंशांपर्यंत सहन करते, त्याच्या आसपास गेल्यावरच स्वतःहून वेग कमी करते.

तुर्भेलोकल
पॉवर ऑप्शन्स बघितले का? अॅडव्हान्स्डमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, तिथे मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० आहे का? माझ्याकडे कोणीतरी ९९ करून ठेवलं होतं, टर्बो बंद पडला होता.

रात्रपाळी
९९ ने टर्बो जातो, बरोबर. पण मग वेग १.६-१.८ च्या आसपास थांबतो, ०.७८ ला नाही. तरी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम.

हिशोबनीस
१०० च आहे. तापमान ४९ ते ५२ दाखवतंय. पंखा तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

नौपाड्याचा
हळू चालतोय म्हणूनच थंड आहे! वेग वाढू द्या, मग बघा कसा तापतो ते.

रात्रपाळी
दादा, तापून हळू झाला असता तर थंड झाल्यावर परत वर गेला असता. खाली-वर होत राहिला असता. हा ५० अंशांवर एकाच आकड्याला चिकटलाय. पेस्टचं नाही हे.

पेंग्विनप्रेमी
विंडोज ११ या जुन्या मशीनला झेपत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टम पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता चालवून बघा. माझा २०१३ चा लॅपटॉप अजून त्यावर पळतो.

हिशोबनीस
मला टॅली लागतं. उद्या संध्याकाळपर्यंत सगळी बिलं टाकून व्हायला हवीत. आत्ता सिस्टम बदलणं शक्यच नाही.

तुर्भेलोकल
थ्रॉटलस्टॉप डाउनलोड करा, प्रोसेसर कशाने दबलाय ते दाखवणारा प्रोग्राम आहे. त्यात बीडी प्रॉकहॉट लाल झालेला दिसला तर त्याची टिक काढा. वेग लगेच वर. मी वर्षभर असंच चालवतोय.

रात्रपाळी
दिसतंय का तेवढं बघा, टिक काढू नका! प्रॉकहॉट म्हणजे प्रोसेसर तापल्याचा इशारा. बीडी म्हणजे तो इशारा दोन्ही बाजूंनी जातो: बोर्डही प्रोसेसरला बाहेरून सांगू शकतो की हळू हो. पॉवर सर्किट तापलं, चार्जर ओळखता आला नाही, अशा कारणांनी. कारण न शोधता तोंड दाबलं तर एखादा भाग जळेल.

तुर्भेलोकल
माझा नाही जळला.

रात्रपाळी
तुमचा नाही जळला याचा आनंद आहे. पण यांच्या लॅपटॉपवर नऊ लोकांचे हिशोब आहेत. ताई, लॅपटॉप चार्जरवर आहे ना? मूळचाच चार्जर? बॅटरी किती टक्के दाखवतेय?

हिशोबनीस
चार्जर लावलेलाच असतो. बॅटरी ३८ वर आहे, जुनी झालीय, चार्ज होत नाही. गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा ५० वरून उतरली, मग चढलीच नाही. लाल दिसतंय तुम्ही म्हणता ते.

आजोबा_वाशी
ऐरोलीला वीज जाते का अजून? आमच्या सेक्टरमध्ये मे महिन्यात रोज दुपारी जायची. इन्व्हर्टर घेतला शेवटी.

घणसोली_ए
आमच्याकडे पावसाळ्यात जास्त. पहिला पाऊस पडला की केबलचा फॉल्ट ठरलेला.

रात्रपाळी
विजेचा वेगळा धागा काढा, कृपया. ताई, लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर काही इंग्रजी मजकूर येतो का?

हिशोबनीस
हो, येतो. अॅडॉप्टरचं वॉटेज कळत नाही असं काहीतरी. एफ१ दाबलं की पुढे जातो. महिनाभर येतोय, मला वाटलं बॅटरी गेलीय म्हणून असेल. चार्जर नवा आहे, जुन्याची वायर पिनजवळ तुटली होती. ठाणे स्टेशनजवळून ६५० ला घेतला.

रात्रपाळी
हेच आधी सांगायचं होतं ताई! चार्जरच्या टोकात डोकावून बघा. मध्ये सुईसारखी बारीक पिन आहे ना? वीज बाहेरच्या गोल पत्र्यातून येते, त्या सुईतून चार्जर फक्त सांगतो की मी ६५ वॉटचा आहे. हे सांगणारी छोटी चिप चार्जरच्या आत असते. स्वस्तातल्या डुप्लिकेटमध्ये ती नसते किंवा नीट चालत नाही. मग लॅपटॉपला कळत नाही किती वीज मिळणार, म्हणून तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला खाली दाबतो. दोन्ही लक्षणं तुमच्याकडे आहेत. आत्ता काम सेव्ह करा, टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि चार्जर काढा.

हिशोबनीस
काढला. २.९४!! टॅली पटकन उघडलं. पण बॅटरी ३६ झाली, ही किती वेळ पुरणार?

नौपाड्याचा
बरं, चार्जर मान्य. पण पेस्ट पण लावून घ्या कधीतरी.

रात्रपाळी
तासभर धरा. आता फक्त चार्जर की लॅपटॉपमधलं सॉकेट, एवढंच शोधायचंय. त्याच कंपनीचा मूळ चार्जर कोणाकडे आहे? सोसायटीत विचारा. स्टिकरवर आउटपुटला १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर हवं, म्हणजे ६५ वॉट. २.३१ असेल तर तो ४५ वॉटचा, टेस्टला चालेल पण रोज नको. आणि पिनची जाडी जुळायला हवी, ढकलून बसवू नका.

आजोबा_वाशी
कोणाकडे मिळाला नाही तर वाशीला सेक्टर १७ मध्ये कॉम्प्युटरची दुकानं आहेत. घेताना लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच लावून बघा.

घोडबंदर४२
ऐरोलीहून ठाणं जवळ. ट्रेनने मध्ये फक्त दिघा गाव स्टेशन.

हिशोबनीस
तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाकडे त्याच कंपनीचा मिळाला, ६५ चाच. लावला. तो मजकूर आला नाही, बॅटरी चार्ज होतेय, आत्ता ४४. स्पीड २.७ ते ३.१. म्हणजे सॉकेट चांगलं आहे ना? मुलाला उद्या सकाळी कॉलेजला चार्जर हवाय, तोपर्यंत मी रात्री बसते. रात्रपाळी, तुमचे खूप खूप आभार. सगळ्यांचेच.

रात्रपाळी
सॉकेट ठीक आहे. आधी बॅटरी १०० होऊ द्या. आणि ६५० चं बिल आहे का?

हिशोबनीस
बिल दिलं नव्हतं. मीही मागितलं नाही. दुसऱ्यांची बिलं रोज तपासते, म्हणून जास्त वाईट वाटतंय. चौथ्या दुकानदाराचं चालू आहे, नंतर लिहिते.